टोकियोच्या गल्लीबोळांत नजर कशावर ठेवायची?

पांझराकाठ (धुळे):
राम राम मंडळी. नोव्हेंबरात कामानिमित्त टोकियोला जाणं आहे, दोन दिवस मोकळे मिळतील. टॉवर, मॉल नकोत. साध्या गल्ल्यांत बघण्यासारखं खूप असतं म्हणतात. कुठं फिरू आणि काय बघू?

तापीकर (भुसावळ):
भाऊ, एक दिवस यानाकाला द्याच. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम दारानं बाहेर पडा, चालत पाचेक मिनिटं. १९२३चा भूकंप आणि महायुद्धातली बाँबफेक, दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला. म्हणून गल्ल्या अरुंद, जुनी लाकडी घरं अजून उभी. अंगणाला जागाच नाही, त्यामुळे दारासमोर कुंड्यांची रांग. कुंड्या तरी कसल्या? मासळीच्या थर्माकोल पेट्यासुद्धा. आपल्याकडे तेलाच्या डब्यात तुळस लावतात, अगदी तसंच.

तिथून हेबीमिचीत शिरा, म्हणजे सापवाट. रस्ता दर काही पावलांवर वळतो, कारण खाली आइझोमे नावाची झाकलेली नदी आहे. नदीची वळणं रस्त्यानं जशीच्या तशी ठेवली. ताइतो आणि बुंक्यो या दोन प्रभागांची हद्दही तीच, म्हणून समोरासमोरच्या घरांच्या पत्त्याच्या पाट्या वाचा, प्रभाग वेगळा निघतो.

गिरणामाई (चाळीसगाव):
आणि खाली बघत चाला! टोकियोच्या गटाराच्या झाकणावर साकुराचं फूल, गिंकोचं पान आणि युरिकामोमे पक्षी, म्हणजे शहराचं फूल, झाड, पक्षी एकाच लोखंडात ओतलेत. नक्षी नुसती शोभेची नाही, गुळगुळीत लोखंडावर टायर घसरतात. फोटो काढताना फोन झाकणाला समांतर धरा, नाहीतर गोल लंबगोल होतो. स्वतःची सावली पडू देऊ नका. पाऊस पडून गेला की नक्षी उठून दिसते, पण त्याच ओल्या झाकणावरून पाय सटकतो. झाकणांची कार्डंही मिळतात, २०१६पासून, फुकट. माणशी एकच, आणि ठरलेल्या ठिकाणी स्वतः जावं लागतं.

सातपुड्याचा वारा (शहादा):
आता मान वर. तिसऱ्या मजल्यापासून (तिथं तळमजला हाच पहिला मजला) वरच्या काही खिडक्यांवर लाल उलटा त्रिकोण दिसेल. आग लागली तर बंबवाल्यांनी तिथून आत शिरायचं. भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीचं लाल तोरी, म्हणजे देवळाचं दार, दिसलं तर समजा, इथं लघवी करू नये एवढंच सांगणं आहे. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा लावतात, तोच उपाय.

सगळ्यात मजेचं म्हणजे तोमासोन: उपयोग संपलेली, तरी जपलेली वस्तू. १९७२ साली गेन्पेई अकासेगावा या कलावंताला योत्सुयात एक जिना सापडला. दोन्हीकडून चढता येतं, वर दारच नाही. तरी कठड्याचा झिजलेला तुकडा काढून नवं लाकूड बसवलेलं! महागात घेतलेल्या, पण बॅटला चेंडू न लागणाऱ्या गॅरी थॉमसन या बेसबॉलपटूवरून हे नाव पडलं. बुजवलेली दारं, कुठंच न जाणाऱ्या पायऱ्या शोधत चला, जुन्या वस्तीत सापडतात.

तापीकर (भुसावळ):
राहिलेलं सांगतो. घरांवरच्या नावाच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे, माणसांचे चेहरे फोटोत घेऊ नका. कचरापेट्या जवळपास नसतातच, खिशात पिशवी ठेवा. बहुतेक रस्त्यांना नाव नसतं, पत्ता ब्लॉकच्या आकड्यावर चालतो, तेव्हा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. नोव्हेंबरात साडेचारलाच दिवस मावळतो, आपल्या हिशेबानं निघालात तर सापवाट अंधारात गाठाल. सकाळी नऊलाच सुरुवात करा.