घरी शिकणारी दोन भावंडं, वयात सव्वा वर्षाचं अंतर : व्याकरण एकत्र घ्यावं की वेगवेगळं?

दोघांचीआई

थोरला 10 वर्षांचा, धाकटी पावणेनऊची. दोघंही घरीच शिकतात. गणित ज्याचं त्याचं वेगळं चालतं, इतिहास-विज्ञान एकत्र वाचतो, त्यात काही अडत नाही. अडतं ते मराठी व्याकरणाशी. एकत्र बसवलं की धाकटी प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडते, आणि वैताग म्हणजे ते बहुतेकदा बरोबर असतं. थोरला वही मिटतो. "तिलाच विचार मग." वेगळं बसवलं तर तोच विशेषणाचा धडा मी दोनदा शिकवायचा, आणि दुसऱ्या फेरीत आई कंटाळली आहे हे पोरांना बरोब्बर कळतं.

थोरला गोष्टी छान लिहितो, पानंच्या पानं. पण 'फूलाला', 'गरीबाला', 'टेबला खाली' असं सगळं. धाकटीला आठही शब्दजाती व्याख्येसकट पाठ, पण 'धावणे तब्येतीला चांगले' या वाक्यात 'धावणे' हे क्रियापद आहे यावरून माझ्याशी भांडली. लिहायला सांगितलं तर तीन ओळी, वर तोंड वाकडं.

आता पुढचा धडा प्रयोगांचा आहे. कर्तरी, कर्मणी, भावे. घ्यावा का? आणि दोघांना एकत्र?

पाटीपेन्सिल

वेगळं घ्या. थोरल्याला लहान बहिणीसमोर चुकायला लावू नका, एवढंच मी सांगेन. पंधरा मिनिटं त्याला, पंधरा तिला. कंटाळा आला तर धडा बदला, मुलं तीच राहू द्या.

उभयान्वयी

मी उलट म्हणते. एकत्रच घ्या, पण धडा असा निवडा की त्यात दोघांचं दुखणं येतं. तुम्ही लिहिलेलं पुन्हा वाचा, त्यातच सापडतो तो.

थोरला 'टेबला खाली' तोडून लिहितो. धाकटीला वाटतं जात शब्दाला कायमची चिकटलेली असते. मग 'खाली' हाच शब्द घ्या. 'तो खाली बसला' आणि 'तो टेबलाखाली बसला'. पहिल्या वाक्यात 'खाली' एकटा आहे, बसण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. दुसऱ्यात तो टेबलाला धरून आहे, म्हणून शब्दयोगी, म्हणून जोडून. शब्द तोच, काम बदललं की जात बदलली. धाकटीचं 'धावणे' याच वाटेने सुटेल : तिथे ते नामाचं काम करतंय, आणि वाक्याचं खरं क्रियापद, 'आहे', लिहिलेलंच नाही. थोरल्याला पाठांतर न करता जोडून लिहायचं कारण मिळतं. मग 'मागे', 'पुढे', 'वर' घेऊन दोघांनी जोड्या करायच्या. 'मागे वळून बघ', 'घरामागे विहीर आहे'.

ओरडण्यावर उपाय : तोंडी उत्तर बंद. दोघांच्या हातात पाटी, लिहायचं, पालथी ठेवायची, मी म्हटलं की उलटायची. आमच्याकडची धाकटी पहिल्यांदा रुसली होती. रुसू द्यावं.

काम मात्र वेगळं द्या. वाक्य एकच, धाकटीने ते फोडायचं, थोरल्याने ते बदलायचं. त्याचं 'फूलाला' इथेच पकडता येतं. फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, पूल-पुलावर, बहीण-बहिणीला : प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत : शरीर-शरीरात, गीत-गीतात. त्याच्या स्वतःच्या गोष्टींतून असे शब्द त्यालाच शोधायला लावा. लाल पेन तुम्ही हातात घेऊ नका.

अनुस्वार

मला हे सगळंच लवकर वाटतं. एवढ्या वयात भरपूर वाचून घ्यावं, भरपूर लिहून घ्यावं. मुलं 'मी पोळी खाल्ली' बरोबरच बोलतात, त्याला कर्मणी म्हणतात हे कळून पोळी जास्त गोड लागत नाही. प्रयोग दोन-तीन वर्षांनी घ्या.

उभयान्वयी

नावं नंतर घ्या, हे मान्य. पण खेळ आत्ताही होतो. 'मुलगा गोष्ट वाचतो.' मुलग्याची मुलगी करा : 'वाचते'. क्रियापद कर्त्यामागे गेलं. आता 'मुलाने गोष्ट वाचली'. मुलगी केली तरी 'वाचली'च. पण गोष्टीच्या जागी धडा आणला की 'वाचला'. क्रियापद कर्मामागे गेलं. 'शिपायाने चोराला पकडले' यात शिपाई बदला, चोरांची टोळी आणा, 'पकडले' ढिम्म हलत नाही. पहिलं कर्तरी, दुसरं कर्मणी, हे तिसरं भावे. कोण कोणामागे जातं एवढंच विचारायचं. तिन्ही नावं शेवटी सांगितली तरी चालतात, आणि व्याख्या मी तर सांगतच नाही.

तुमचंच 'मी पोळी खाल्ली' मुद्दाम द्या. 'मी'ला 'ने' दिसत नाही, म्हणून पाठ करणारी मुलं हमखास कर्तरी म्हणतात. आंबा ठेवून बघितलं की 'खाल्ला' होतं आणि चोरी उघडी पडते. थोरल्यासाठी उलटा सापळा : 'ती नाव विसरली'. भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी क्रियापद 'ती'च्या मागे. 'शिकणे', 'बोलणे' याच तऱ्हेची.

दोघांचीआई

'खाली'चा धडा आज घेतला. पाट्यांनी शांतता झाली, एकदा तर धाकटीचं चुकलं आणि थोरल्याने ते चक्क सौम्यपणे सांगितलं (मी जास्त आशा ठेवत नाही). प्रयोगांचा खेळ पुढच्या आठवड्यात, नावांशिवाय. एक अडलं. तिने विचारलं, 'सुद्धा' पण जोडूनच लिहितो, मग 'फूल' आणि 'सुद्धा' मिळून 'फुलासुद्धा' का नाही?

उभयान्वयी

पोरगी हुशार आहे. 'सुद्धा', 'च', 'ही', 'मात्र' यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात. जोडून येतात, पण आधीच्या शब्दाचं सामान्यरूप, म्हणजे 'फूल'चं 'फुला-' असं बदललेलं रूप, करत नाहीत. म्हणून 'फुलाखाली', पण 'फूलसुद्धा', ऊ दीर्घच. हे तिला थोरल्याला समजावून सांगू दे, आणि त्याच्याकडून दोन्ही शब्द घालून एक वाक्य लिहून घ्या.