रोज खिशात ठेवायला छोटा फोल्डिंग कॅराम्बिट: पुण्यात घ्यावा का? घेतलाच तर कोणता?

कोथरूडचा_भटका

ट्रेकच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न सारखा निघतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅराम्बिट म्हणजे आत वळलेल्या पात्याचा, मुठीच्या टोकाला बोट अडकवायची कडी असलेला छोटा चाकू. मूळचा पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा. शेतीकामातलं अवजार होतं, तिथून ते सिलाट या तिकडच्या युद्धकलेत गेलं. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांना तो बहुतेक काउंटर-स्ट्राइक खेळून माहीत झालेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. ओढून कापायच्या कामात वाकडं पातं सरळ पात्यापेक्षा सरस असतं, आणि तेवढ्यासाठी छोटा कॅराम्बिट रोज जवळ ठेवायला हरकत नाही. मी गोडाऊनमध्ये काम करतो. खोक्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सरळ चाकूने कापायला गेलं की पातं घसरतं. वाकड्या पात्याच्या पोटात ती पट्टी आपसूक अडकते, मनगट जरा मागे घेतलं की काम झालं. नायलॉनची दोरी, ताडपत्री, जुना गालिचा, सगळ्याला हेच लागू. हात तेलकट असला तरी कडीमुळे चाकू निसटत नाही.

घेताना पातं सात सेंटिमीटरच्या आत असावं आणि धार एकाच बाजूला. कडी बोटात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ती पेरावर अडकत असेल तर घाईच्या वेळी बोट निघत नाही, फार सैल असेल तर ती असून नसल्यासारखी. पातं उघडून त्याच्या पाठीवर दाब द्या, उघडं पातं धरून ठेवणारं लॉक केसभरही सरकता कामा नये. पोलादाचं म्हणाल तर सीआरकेटी कंपनीचा प्रोव्होक हा कॅराम्बिट बांधणीला सुरेख आहे, पण त्याचं डी२ पोलाद पूर्ण गंजरोधक नाही. आपल्या पावसाळ्यात पुसून तेलाचा हात फिरवला नाही तर डाग धरतं. इटलीच्या फॉक्स कंपनीच्या कॅराम्बिटमधलं एन६९० किंवा स्पायडर्कोच्या काराहॉकमधलं व्हीजी-१० या बाबतीत जास्त निर्धास्त. चारशे-पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या नकलांच्या वाटेला जाऊ नका. पोलाद मऊ, पात्याचा स्क्रू ढिला, आणि लॉकचा भरवसा नाही.

कायद्याने शस्त्र परवाना लागतो तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला. हा त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे बिनधास्त बाळगावा.

नारायणपेठी_वकील

शेवटचा परिच्छेद वाचून एखादा पोरगा अडकेल, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर लिहिते.

९ इंच आणि २ इंच ही मर्यादा शस्त्र नियमांतली आहे, परवान्यापुरती. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, हेही खरं. पण पुण्यात रस्त्यावर तुम्हाला गाठतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा कलम ३७(१). त्याखाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. गणपती आले, निवडणूक आली, मोर्चे निघाले की आदेश निघतो. एकाची मुदत संपते, पुढचं निमित्त येतं. त्यात तलवारी, भाले, सुरे, काठ्या-लाठ्या यांच्यासोबत शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला मनाई असते. तिथे कुणी पट्टी लावून पातं मोजत नाही. आदेश मोडला तर कलम १३५. पेपरात रोज येणाऱ्या बातम्यांत शस्त्र कायद्याच्या कलम ४ सह २५ च्या जोडीला ३७(१) आणि १३५ दिसतं ते हेच.

आता शहराचा विचार करा. २०२३ च्या सुरुवातीला इथे कोयता गँगने इतका उच्छाद मांडला होता की कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यायला पोलिसांनी सांगितलं. अशा शहरात रात्री नाकाबंदीला तुमच्या खिशातून वाकड्या पात्याचं, कडीचं हत्यार निघालं तर गोडाऊनमधल्या पट्ट्यांची गोष्ट पोलीस हवालदार ऐकून घेईल असं तुम्हाला खरंच वाटतं?

कोथरूडचा_भटका

ताई, ३७(१) बद्दल लिहिलंत ते बरं झालं, लोकांना माहीत असायलाच हवं. पण वस्तूचा आकार बघून माणसाची नियत ठरवायची, हे मला मान्य नाही. मंडईत भाजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या गाडीत विळा असतो, खुरपं असतं. नारळवाल्याच्या हातात तर अख्खा कोयता असतो. त्यांना कुणी अडवत नाही. माझा सात सेंटिमीटरचा चाकू त्यांच्यापेक्षा घातक कसा?

नारायणपेठी_वकील

घातक आहे असं मी म्हटलेलं नाही. नारळवाल्याच्या कोयत्यासमोर नारळांचा ढीग असतो. शेतकऱ्याच्या गाडीत मेथीच्या जुड्या असतात. कारण शेजारीच पडलेलं असतं, ते तोंडाने सांगावं लागत नाही. तुम्ही गोडाऊनमध्ये चाकू वापरा, कुणाची ना नाही. तो तिथेच ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जा. रविवारी लक्ष्मी रोडवर खरेदीला जाताना तो खिशात कशाला?

सह्यधार

कायद्याचं ताई बघतील, मी कामाचं बोलतो. सह्याद्रीत दोर लावून चढणाऱ्या पोरांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलोय: कॅराम्बिट हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याला, लावू नका.

धागाकर्त्यांनी दोरी कापण्याचं कौतुक केलंय. दोरावर वजन आलेलं असताना तो किती सहज तुटतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना माझं म्हणणं कळेल. ताणलेल्या दोराला धारदार पातं नुसतं टेकलं तरी तंतू फटाफट सुटायला लागतात. कड्यावर लटकलेल्या माणसाजवळ एकाच वेळी त्याचा दोर, दुसऱ्याचा दोर, स्लिंग (अडकवायचा पट्टीचा फास), हार्नेसचा पट्टा, सगळं वीतभर जागेत असतं. तिथे आकड्यासारखं टोक घेऊन गेलात तर नको ते आधी अडकेल. गिर्यारोहकांसाठी पेट्झलचा स्पाथा आहे. साधा, हलका, कॅराबिनरमध्ये (दोराच्या उघडझाप कडीत) अडकवायला भोक असलेला. तेवढ्याने भागतं. गाडीचा सीटबेल्ट कापायचा असेल तर पातं खाचेत लपवलेला पट्टा-कापणारा मिळतो, त्याने माणसाच्या अंगाला ओरखडाही येत नाही.

आणि रोजच्या कामाचं म्हणाल तर ट्रेकला आपण चाकूने करतो काय? काकडी, कांदा, पेरू, चीज, फार तर सुतळी. कॅराम्बिटने पेरू कापून बघा. टोक आधी आत घुसतं, पोट वर राहतं, पेरूचे काप पडत नाहीत, तो कोरला जातो. फळीवर कांदा ठेवून चिरायचा तर धार फळीला टेकतच नाही. ओपिनेलचा आठ नंबर किंवा व्हिक्टोरिनॉक्सचा साधा चाकू घ्या, पैसेही वाचतील.

अजून एक. फॉक्सच्या काही मॉडेलवर एमर्सनची वेव्ह असते, पात्याच्या पाठीवरचा छोटा आकडा. खिशातून ओढताना तो खिशाच्या काठात अडकतो आणि चाकू बाहेर येतायेताच उघडतो. पीएमपीच्या गर्दीत मोबाइल काढताना तो अर्धवट ओढला गेला तर काय होईल, याचा विचार करा. रोज बाळगणाऱ्याने वेव्ह घेऊच नये.

पेठेतला_मावळा

सगळे परदेशी नावं घेताय म्हणून लिहितो. वाघनखं आणि बिचवा आपलीच. बिचव्याचं पातंही वाकडंच, आणि त्याची मूठ म्हणजे बोटं आत घालायची कडीच असते. १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांनी काय केलं ते लहान पोराला पण ठाऊक आहे. लपवून बाळगायचं छोटं शस्त्र हा आपल्या मातीतला विचार आहे, मग आज त्याची लाज का वाटावी?

सह्यधार

लाज कुणालाच वाटत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिली. पण महाराज भेटीला गेले ते समोरचा दगा करणार हे गृहीत धरून, अंगात चिलखत घालून, जंगलात फौज पेरून. शस्त्र त्या सगळ्या तयारीचा एक भाग होतं. त्या प्रसंगाचा दाखला देऊन कॉलेजच्या पोराने जीन्समध्ये चाकू खुपसावा, हे मला महाराजांच्या नावाला शोभणारं वाटत नाही.

हिंजवडी_सेकंडशिफ्ट

तुम्ही सगळे पट्ट्या, पेरू आणि दोर यावर बोलताय. मी बोलते ज्या कारणासाठी मुली हा चाकू शोधतात त्याबद्दल. माझी शिफ्ट रात्री सुटते. कंपनीची कॅब सोसायटीच्या अलीकडच्या चौकात सोडते, तिथून घरापर्यंत अंधार आहे. कॅराम्बिटची कडी बोटात असली की तो हातातून हिसकावता येत नाही, असं मी वाचलंय. मला दुसरं काही नको, एवढंच हवंय. कायद्याला घाबरून मी रिकाम्या हाताने चालायचं का?

सिलाटवाली

मी सिलाट शिकते आणि आता नवीन मुलींना शिकवतेही, त्यामुळे तुला मनापासून उत्तर देते.

हिसकावता येत नाही हे खरं. पण त्याच कडीने बोट अडकून राहतं. कुणी मनगट धरून पिरगाळलं तर चाकू सुटत नाही, बोट मात्र मोडतं. फोल्डिंगमध्ये आणखी भर म्हणजे लॉक दगा देऊ शकतो, आणि तेव्हा पातं मिटतं ते आपल्याच बोटांवर. कॅराम्बिटची पोच वीतभर. तो वापरायचा म्हणजे समोरच्याच्या अंगाला अंग लागेल इतकं जवळ जायचं. तुझ्यापेक्षा ताकदवान माणसाच्या इतक्या जवळ जाणं हेच तर आपल्याला टाळायचंय. आमच्या वर्गात धारदार पातं हातात मिळेपर्यंत फार काळ जातो, तोवर सगळा सराव बोथट ट्रेनरवर, म्हणजे धार नसलेल्या सरावाच्या चाकूवर. आणि पहिला सराव चाकूचा नसतोच, अंतर ठेवण्याचा आणि पळण्याचा असतो.

जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत एक मुलगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला होता, आठवत असेल. तिला वाचवणाऱ्या पोरांच्या हातात कसलंही शस्त्र नव्हतं. ती ओरडत धावली, लोकांच्या दिशेने धावली, आणि कुणीतरी मध्ये पडलं. पेपर स्प्रे ठेव, ११२ फोनच्या शॉर्टकटवर ठेव, आणि कंपनीला लेखी मेल टाक की कॅबने दारापर्यंत सोडलंच पाहिजे.

नारायणपेठी_वकील

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, तो कुणी काढून घेतलेला नाही. पण त्याच संहितेचा कलम ३७ सांगतो की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येणार नाही. हात धरला म्हणून पोटात चाकू गेला, तर गरज केवढी होती हे कोर्टात तुलाच पटवून द्यावं लागेल. आणि त्याच वेळी मनाई आदेश लागू असेल तर पोलीस अधिनियमाच्या ३७(१) ची केस वेगळी.

हिंजवडी_सेकंडशिफ्ट

दोघींचंही पटतंय, तरी माझा राग जात नाही. त्या चौकात लोकच नसतात, कुणाच्या दिशेने धावायचं? कंपनीला मेल टाकते. पण बोटात काहीतरी असलं की माणूस ताठ चालतो, हे तुम्ही नाकारू शकत नाही.

सिलाटवाली

नाकारत नाही. ताठ चालणं मोठी गोष्ट आहे. पण ते सरावाने येतं आणि तेव्हा हात रिकामा असला तरी टिकतं. वर्गाला ये, बोथट ट्रेनर माझ्याकडे आहे.

हडपसरकर_काका

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यातून एक सांगतो. घेणारे घेतीलच. त्यांनी धार लावायचा विचार आधी करावा. सपाट दगडावर वाकडं पातं घासलं की मधला भाग तसाच बोथट राहतो आणि टोक मात्र झिजून जातं. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या फिरत्या चाकाला तर लावूच नका, आकार बिघडतो. गोल सिरॅमिकची कांडी घ्या, पात्याच्या आतल्या बाजूने मुठीकडून टोकाकडे हलक्या हाताने फिरवा. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि हात तिथेच कापतो. पंचवीस वर्षांखालच्या पोराने मागितला तर मी कशासाठी हवाय ते विचारतो, आणि उत्तर गोलमोल आलं तर देत नाही.

कोथरूडचा_भटका

काका, कांडीचं उत्तम सांगितलंत. सह्यधार, पेरू आणि वेव्ह दोन्ही मान्य. हार्नेसला कॅराम्बिट मीही लावत नाही. ताई, गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं म्हणणं रास्त आहे. पण आमचं काम एका जागी नसतं, वाकड आणि फुरसुंगीच्या गोडाऊनमध्ये रोज ये-जा असते. अवजारांच्या पेटीत, कटर आणि टेपसोबत, बंद करून नेईन. खिशात नाही.

नारायणपेठी_वकील

पेटीत, बाकीच्या हत्यारांसोबत आणि कामाचं ओळखपत्र जवळ ठेवून नेत असाल तर माझा आक्षेप बराच कमी होतो. मनाई आदेश लागू असताना तेही जपून. आणि मेट्रोने जाणार असाल तर बॅग तपासणीत तो निघणारच, त्या दिवशी कटरवर भागवा.

हिंजवडी_सेकंडशिफ्ट

एक शेवटचं विचारते. सरावाचा बोथट ट्रेनर लोखंडी असतो, दिसायला खऱ्यासारखाच. तो बॅगेत नेला तर चालेल का?

सिलाटवाली

रबरी किंवा रंगीत प्लॅस्टिकचा घे, लांबूनच कळतो. लोखंडी ट्रेनर आम्ही वर्गातच ठेवतो, घरी कुणालाच नेऊ देत नाही.