‘मीना’ की ‘मुलामा’?

प्रश्न: सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश दागिन्याचं वर्णन मराठीत आणताना मी ‘एनॅमल’साठी ‘मुलामा’ लिहिलंय: ‘पेलिकनचं पदक, सोन्यावर पांढरा मुलामा, छातीवर माणिक.’ चालेल का? आणि पेलिकनला ‘झोळीवाला’ हे त्याचं मराठी नाव द्यावं का?

उत्तर १: ‘मुलामा’ नकोच. हलक्या धातूवर सोन्या-चांदीचा पातळ थर चढवला की तो मुलामा. इथे सोनं खाली आहे आणि वर काच, म्हणून ‘मीना’. काचेची पूड धुऊन ओलीच लावतात, पूर्ण वाळवतात आणि साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सियसला वितळवतात. ओल राहिली तर वाफेने पूड उडते. पांढरा अपारदर्शक रंग कथिलाच्या ऑक्साइडमुळे येतो.

उत्तर २: मीना मान्य. पण नुसतं ‘मीनाकाम’ म्हटलं की डोळ्यांसमोर जयपूर येतं, म्हणजे सोनं खोदून खाचांत भरलेला रंग. या पक्ष्याच्या गोलाईवर रंग अडवायला भिंती नाहीत. पृष्ठभाग खरवडून पूड डिंकाच्या पाण्याने धरून ठेवावी लागते. थर पातळ हवेत आणि प्रत्येक थराला वेगळी भट्टी. जाड थर थंड होताना तडकतो, कारण काच आणि सोनं सारखं आकसत नाही. सोन्यात तांबं जास्त असेल तर ते काळवंडतं आणि पारदर्शक रंग मळकट दिसतात. फ्रेंचमध्ये याला ‘आँ रोंद बोस’ म्हणतात. ‘भरीव आकृतीवरचा मीना’ हा पर्याय फसवा आहे, कारण अशा आकृत्या पुष्कळदा आतून पोकळ असतात. मी ‘चौफेर मीना’ लिहीन.

उत्तर १: ‘चौफेर मीना’ छान. रत्नं भट्टीनंतर कोंदणात बसवतात. मोती तर ती आच सोसतच नाही, तो सर्वांत शेवटी तारेने अडकवतात. म्हणून वर्णनात मीना आधी, माणिक नंतर, लोंबता मोती असलाच तर शेवटी, हाच क्रम ठेवा. ‘पदक’ जुना शब्द खरा, पण आज त्यातून स्पर्धेचं बक्षीस डोकावतं, ‘लोलक’ बरा.

उत्तर २: ‘झोळीवाला’ पक्षीनिरीक्षणात अचूक, इथे नको. ही पेलिकन स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारी आहे, ख्रिस्ताच्या बलिदानाचं प्रतीक. घडवणाऱ्यांनी तिची चोच कित्येकदा आखूड, बाकदार केलेली असते. वाचक उगाच झोळी शोधत बसेल. आणि ‘छातीवर माणिक’ म्हटलं की ते नुसती सजावट वाटतं. तो रक्ताचा थेंब आहे, तेव्हा असं लिहा: ‘पेलिकनचा सोन्याचा लोलक, पिसांवर पांढरा चौफेर मीना, छातीच्या जखमेत माणिक.’