मदत हवी आहे: बूटलोडर बदलल्यापासून निम्मी रॅम गायब

नमस्कार मंडळी. माझ्या ६४-बिट आर्म बोर्डावर २ जीबी रॅम आहे. परवा यू-बूट (कर्नल चालू करून देणारा बूटलोडर) नवीन टाकलं, आणि तेव्हापासून लिनक्समध्ये 'फ्री' कमांड जेमतेम १ जीबी दाखवतेय. कर्नल तोच, रूट फाइलसिस्टीम तीच, म्हणजे संशयाला जागा एकच.

गंमत म्हणजे सिरियल कन्सोलवर यू-बूट स्वतः 'डीरॅम: २ जीआयबी' असं छातीठोकपणे छापतं. बोर्डाची माहिती दाखवणाऱ्या त्याच्या 'बीडीइन्फो' कमांडमध्येही १-१ जीबीच्या दोन बँका (रॅमचे तुकडे) दिसतात. म्हणजे चिप मेलेली नाही. पण लिनक्स चालू झाल्यावर 'प्रोक'खालच्या डिव्हाइस-ट्रीमधला (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणारी रचना) मेमरी नोड उघडला, तर 'रेग'मध्ये पत्ता आणि आकाराची एकच जोडी! दुसरी बँक वाटेतच कुठेतरी गळली. कर्नलच्या 'सीएमडीलाइन'मध्ये रॅमवर मर्यादा घालणारं 'मेम=' वगैरे काही नाही, ते आधीच पाहिलं.

माझा अंदाज असा: कर्नलला हाक देण्याआधी यू-बूट डीटीबीतला (त्याच डिव्हाइस-ट्रीची बायनरी) मेमरी नोड दुरुस्त करतं, ती पायरी माझ्या बिल्डमध्ये अर्धवट होतेय. की जुन्या साठवलेल्या एन्व्हायर्नमेंटमधली (यू-बूटच्या सेटिंग्ज) बूट कमांड काही घोळ घालतेय? 'एन्व्ह डिफॉल्ट' करून त्या मूळ स्थितीत आणून बघितलं असतं, पण मॅक ॲड्रेस त्यातच आहे, म्हणून हात आखडता घेतलाय. (हो, बॅकअप घ्यायला हवा होता. बोलू नका.)

बूट होण्याच्या ऐन आधी डीटीबीत नेमकं काय लिहिलं जातंय, हे यू-बूटच्या प्रॉम्प्टवरच कसं बघायचं? आणि बँकांची संख्या ठरवणारं कॉन्फिग तपासण्यात अर्थ आहे का, की 'बीडीइन्फो' दोन दाखवतंय म्हणजे ते बरोबरच धरायचं?