मदत हवी आहे: मकरपुऱ्यातल्या भट्टीत पीएनजीसोबत हायड्रोजन

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पीएनजीवर, म्हणजे पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारी हीट ट्रीटमेंटची (धातू तापवून गुणधर्म बदलण्याची) भट्टी आहे. त्यात 20% हायड्रोजन मिसळायचा विचार चालू आहे. या कामातला अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

हिशेब असा: आकारमानाने हायड्रोजनची उष्णता पीएनजीच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणून 20% मिसळूनही कार्बन डायऑक्साइड सुमारे 7%च घटतो. एवढ्यासाठी गॅस ट्रेन (बर्नरपर्यंत गॅस नेणारी पाइप-व्हॉल्व्हची जुळणी) बदलावी का, हाच खरा प्रश्न आहे. ज्योतीचा वेग वाढतो, त्यामुळे कमी फायरिंगवर ज्योत बर्नरच्या आत शिरण्याची भीती. ज्योत जास्त तापल्याने नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात. थ्रेडेड जोडांतून गळतीचा धोका वेगळाच. जुना नोझल-मिक्स बर्नर (ज्यात गॅस आणि हवा नोझलपाशीच मिसळतात) एवढं मिश्रण झेपवतो का? ज्योत पेटती आहे का हे ओळखणारा फ्लेम रॉड काढून त्याजागी ज्योतीचे अतिनील किरण टिपणारा यूव्ही स्कॅनर लावावाच लागेल का?

दुसरी अडचण कागदावरची. हायड्रोजन ‘हरित’ ठरायला 2023च्या केंद्रीय मानकानुसार, किलोभर हायड्रोजनमागे 12 महिन्यांच्या सरासरीने 2 किलो कार्बन डायऑक्साइडइतक्यापेक्षा जास्त उत्सर्जन नको, आणि त्यात पाणी शुद्धीकरण, गॅस वाळवणं, कॉम्प्रेशन सगळं धरतात. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर किलोमागे 50 ते 55 युनिट वीज खातो. ग्रिडची वीज घेतली तर उत्सर्जन 35 किलोच्या वर जातं, म्हणजे दिवसा सोलर आणि रात्री ग्रिड हे गणित बसतच नाही.

सोलर वीज ओपन ॲक्सेसने (ग्रिडच्या तारांवरून थेट उत्पादकाकडून) घेणाऱ्यांनी ही सरासरी दाखवायला मीटरिंग कसं ठेवलं? आणि सिलिंडर साठ्यासाठी पेसोकडे (स्फोटक आणि दाबाखालच्या वायूंचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) अर्ज करताना लेआउटमध्ये कुठे अडतं?