पॅसिफिकच्या कडेकडेने: तुमच्या सहली, तुमचे अनुभव

मंडळी, पोरांच्या शाळा सुटायला आल्यात, बऱ्याच घरांत भारतातून आईबाबा आलेत किंवा येतायत, आणि दर शनिवारी सकाळी तोच प्रश्न, आज कुठे जायचं. म्हणून हा धागा. सॅन डिएगोपासून पार वर वॉशिंग्टनच्या टोकापर्यंत, पॅसिफिकच्या किनाऱ्याने केलेली कुठलीही सहल इथे लिहा. आठवडाभराची रोड ट्रिपच हवी असं काही नाही, दुपारी निघून रात्री परत आलेलं पण चालेल. बघण्यासारख्या ठिकाणांच्या याद्या सगळीकडे मिळतात त्या नकोत, तुमच्या गाडीत काय घडलं ते लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही सनीवेलला राहतो, बाबा गुहागरचे. मागच्या जुलैत पहिल्यांदा आले तेव्हा आल्या आल्या म्हणाले समुद्र दाखव. घरी ३२ डिग्री ऊन, बाबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, मी स्वेटर घ्या म्हटलं तर म्हणाले समुद्रावर कुणी स्वेटर घेऊन जातं का. ९२ नंबरच्या रस्त्याने डोंगर चढलो आणि माथ्यावर पोचताच समोर पांढरी भिंत, हाफ मून बेला उतरेपर्यंत गाडीचा काटा १३ वर. बाबांनी माझी ओढणी गुंडाळून घेतली आणि पिजन पॉइंटच्या दीपगृहापाशी आम्ही गाडीतच बसून आईने केलेले धपाटे आणि थर्मासमधला चहा संपवला. १८७२ चं दीपगृह, ११५ फूट उंच, आणि आम्हाला त्याचा फक्त खालचा अर्धा भाग दिसत होता. चारच्या सुमाराला धुकं जे उचललं गेलं ते पडदा वर जावा तसं. बाबा चपला काढून सरळ पाण्याकडे, घोट्यापर्यंत पाणी आलं आणि तसेच उलटे पळत आले, अगं हे पाणी आहे का बर्फ! पण नंतर तासभर तिथून हलेनात. वाळू मुठीत घेऊन चोळून बघितली, शिंपले उलटेपालटे केले, आणि सूर्य टेकायला लागला तेव्हा म्हणाले, हा पण पाण्यातच बुडतो की आपल्यासारखा. मला १२ वर्षांत हे सुचलं नव्हतं. गुहागरच्या पुळणीवर पण सूर्य समुद्रातच मावळतो आणि इथे पण. त्या दिवसापासून बाबा त्याला "तुमचा समुद्र" न म्हणता नुसतं समुद्र म्हणायला लागले.

*

धुक्याचं वाचून राहवलं नाही, मी सॅन फ्रान्सिस्कोत आहे. उन्हाळ्यात इथे किनाऱ्याला समांतर वारे वाहतात ते वरचं पाणी बाहेर ढकलतात, मग खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून दमट हवा गेली की तिचं धुकं होतं, आणि आत खोऱ्यात जितकं तापेल तितकं ते धुकं आत ओढलं जातं. म्हणजे सनीवेलला उकडतंय म्हणून किनाऱ्यावर निघालात की नेमका तोच दिवस थंडीचा. इथे लोकांनी धुक्याचं कार्ल असं नाव ठेवलंय, आमची मुलगी सकाळी खिडकीतून बघून कार्ल आला, कार्ल गेला असं सांगते. आईबाबांना समुद्र दाखवायचाय तर सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात छान.

*

आमची सहल लॉस एंजेलिसहून वर, जानेवारीतला लाँग वीकेंड. ठरवलं होतं बिग सरपर्यंत जायचं, तो बिक्सबीचा १९३२ चा पूल बघायचा, पण पुढे दरड कोसळून रस्ता बंद. हा रस्ता असाच आहे, डोंगर उभा, दगड भुसभुशीत, खाली समुद्र पोखरतोय आणि पाऊस झाला की एखादा कडा खाली येतो, २०१७ ला मड क्रीकपाशी आला तेव्हा रस्ता सुरू व्हायला २०१८ चा जुलै उजाडला होता. आम्ही निघण्याआधी बघायला हवं होतं, नाही बघितलं. नवरा जाम नाराज. मग सॅन सिमियनलाच थांबलो आणि मी आज सांगते, रस्ता बंद नसता तर आम्ही हे सगळं ताशी ५५ मैलांनी मागे टाकून गेलो असतो.

आधी काय झालं, मागच्या सीटवरून ६ वर्षांची लेक ओरडली, झेब्रा! आम्ही दोघांनी वळूनही न बघता हो बाळा म्हटलं. परत झेब्रा, आई झेब्रा! शेवटी गाडी बाजूला घेतली तर कुरणात गाईंच्या शेजारी खरोखरचे झेब्रे, पाच-सहा, शांतपणे चरतायत. वर डोंगरावर हर्स्ट नावाच्या वृत्तपत्रवाल्या धनाढ्याचा वाडा आहे, त्याने तिथे खाजगी प्राणीसंग्रहालय ठेवलं होतं, त्यातल्या झेब्र्यांचे हे वंशज, अजून तसेच मोकळे राहतात. लेकीची आम्ही रीतसर माफी मागितली.

आणि मग पिएड्रास ब्लांकासचे एलिफंट सील. हायवेला लागूनच किनारा, तिकीट नाही काही नाही, लाकडी पायवाटेवर उभं राहायचं आणि खाली वाळूत शेकडो सील. नर १४-१५ फुटी, वजन दोन-दोन टन, सोंडेसारखं नाक, आणि आवाज म्हणजे जुनी बुलेट थंडीत सुरू होत नाहीये असा. वास इतका की पहिली पाच मिनिटं नाकाला रुमाल. १९९० च्या सुमाराला पहिल्यांदा इथे थोडेसे आले म्हणे, आता हजारोंनी येतात. जानेवारीत पिल्लं जन्मतात. आमच्या डोळ्यांदेखत एक झालं. आधी नुसती सीगलची झुंबड उडाली, मग दिसलं, सुरकुतलेलं काळंभोर, कातडं दोन साइझ मोठं घातल्यासारखं, आणि आई मान वळवून त्याच्याकडे तोंड करून ओरडत होती, ते पण बारीक आवाजात ओ देत होतं. तिथल्या स्वयंसेवक आजी म्हणाल्या दोघं एकमेकांचा आवाज ओळखून घेतायत. नवऱ्याने माझा हात धरला होता तो बराच वेळ सोडला नाही.

*

लहानसंच. डेव्हनपोर्टजवळ स्वँटनचं स्ट्रॉबेरीचं शेत आहे, समुद्राच्या अगदी कडेला. आत जॅम, पाय, सगळं मांडलेलं आणि पैशांचा डबा, आपण घ्यायचं, आपणच हिशोब करून पैसे टाकायचे. माझ्या सासूबाई महाबळेश्वरच्या बाजूच्या, त्यांनी स्ट्रॉबेरी हातात घेऊन आधी वास घेतला, मग देठाजवळ बघितलं पांढरी राहिलीय का, आणि मगच खाल्ली. म्हणाल्या पास. त्या एका शब्दासाठी मी दर वर्षी ५० मैल गाडी चालवीन.

*

आमच्याकडे ओरेगनला या हो कुणीतरी! पोर्टलंडहून दीड तासात कॅनन बीच. इथे एक गोष्ट मला फार आवडते, १९६७ च्या कायद्याने इथला सगळा वाळूचा किनारा लोकांचा, कितीही मोठा बंगला असला तरी समोरची वाळू तुमची-माझी. हेस्टॅक रॉक २३५ फूट उंच, ओहोटीला त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. ओहोटीची वेळ बघूनच जा आणि सकाळी जा. डबक्यांत जांभळे नि केशरी तारामासे, हिरवी समुद्रफुलं. एप्रिल ते जुलै वरच्या गवतात पफिन पक्षी असतात, केशरी चोचीचे, दुर्बीण असेल तर न्या. परतीच्या वाटेवर टिलामूकला चीजचा कारखाना काचेतून बघायचा आणि आइस्क्रीम खायचं, हे आमच्या घरात आता व्रतासारखं झालंय.

सासऱ्यांना मात्र सगळ्यात काय आवडलं तर खाली फ्लोरेन्सची व्हेलची गोष्ट. १९७० च्या नोव्हेंबरात तिथे मेलेला देवमासा वाहून आला, हायवे खात्याने ठरवलं सुरुंग लावून उडवायचा म्हणजे बारीक तुकडे पक्षी खातील, अर्धा टन डायनामाइट लावलं. झालं काय, चरबीचे मोठमोठे गोळे आकाशातून बघ्यांवर, आणि एक तुकडा पाव मैलावर उभ्या गाडीवर पडून टप चेपला. २०२० मध्ये गावाने त्याच नावाचं उद्यान केलं. सासऱ्यांनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर ही गोष्ट व्हॉइस मेसेज करून सांगितली, साडेसात मिनिटांचा मेसेज, मधे मधे नुसतं हसू.

एक कळकळीने सांगते, इथल्या समुद्राकडे पाठ करू नका. दहा मिनिटं शांत असतो आणि एकच लाट चोरपावलाने पार वरपर्यंत येते. ओंडक्यांवर मुलांना बसवून फोटो तर अजिबात नको, पाणी आलं की ओंडका फिरतो.

*

ओंडक्यांचं अगदी खरं, आमच्या सिॲटलकडच्या रूबी बीचवर तर ओंडक्यांची भिंतच असते. आम्ही चार वेळा गेलो, चारही वेळा पाऊस. पाचव्यांदा पण जाणार आहोत. पावसात गाडीची डिकी उघडी ठेवून तिच्याखाली बसून गरम मॅगी खाणं, समोर दगडांवरून लाट मागे जाताना येणारा तो खळखळाट, बास.

*

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, त्यात बरीच वर्षं चिपळूण-कऱ्हाड, म्हणजे कुंभार्ली घाट. त्यामुळे त्यांना शेजारी बसवून हायवे वनवर, म्हणजे या किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, गाडी चालवणं काय असेल विचार करा. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोहून वर मेंडोसिनो, फोर्ट ब्रॅग असे लेगेटपर्यंत गेलो, तिथे हा रस्ता संपतो. पहिला अर्धा तास बाबांचा उजवा पाय माझ्या प्रत्येक वळणाला खाली ब्रेक दाबत होता. मग मी त्यांना इथला एक नियम सांगितला, दोन लेनच्या रस्त्यावर हळू चाललात आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साठल्या तर जिथे जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, त्यासाठी ठिकठिकाणी टर्नआउट केलेत. बाबा एकदम ताठ बसले. बाजूचा आरसा स्वतःकडे वळवून घ्यायला निघाले, मी म्हटलं बाबा तो मला लागतो, मग मान वळवून मोजायला लागले. दोन झाल्या. तीन. लाल वाली धरून चार. पाचवी आली, घे बाजूला, घे! आणि गेलेल्या प्रत्येक गाडीला हात करायचे. काही लोकांनी हात केला पण. दुपारी फोर्ट ब्रॅगला ग्लास बीचवर गेलो, १९६७ पर्यंत गावाचा कचरा समुद्रात टाकायचे तिथे, बाटल्यांच्या काचा लाटांनी घासून घासून खडीसाखरेसारख्या झाल्यात. उचलून न्यायला मनाई आहे, बाबांनी एक हिरवी काच बराच वेळ तळहातावर ठेवली, उन्हात धरून बघितली आणि होती तिथेच ठेवली.

खरी मजा लेगेटला. तिथे शँडेलिअर ट्री म्हणून रेडवूडचं झाड आहे, बुंध्यातून १९३७ साली कोरलेला बोगदा, ६ फूट रुंद, पावणेसात फूट उंच. त्यातून गाडी न्यायची! आमची छोटी गाडी, तरी दोन्ही बाजूंना इंच-इंच. मला घाम फुटला, म्हटलं फोटो काढू आणि जाऊ. बाबा तोवर खाली उतरले होते. आरसे मिटले, झाडापलीकडे जाऊन माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात वर, आणि स्टँडवरचा तो आवाज त्या रेडवूडच्या जंगलात, येऊ द्या, येऊ द्या, डावा मारा, डावा, सरळ, येऊ द्या येऊ द्या... मी त्यांच्या हातांकडे सोडून कुठेच बघितलं नाही. बाहेर आलो तर मागच्या गाडीतलं अमेरिकन जोडपं खाली उतरून बाबांना विचारतंय, आमची पण काढून द्याल का. बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मान डोलावली आणि त्यांची गाडी मराठीत बाहेर काढली. त्यांच्या मागच्यांची पण.

*

वरचं वाचून आमच्या आईची आठवण झाली म्हणून लिहितो. आम्ही लॉस एंजेलिसजवळ, एरवी आमची सहल म्हणजे रविवारी मालिबूच्या मंदिरात दर्शन, चिंचेचा भात, आणि तसंच कॅनियन रोडने खाली समुद्रावर. जानेवारी २०२५ च्या आगीनंतर किनाऱ्याचा रस्ता मे अखेरपर्यंत बंद होता, सुरू झाल्यावर गेलो तेव्हा जळालेल्या घरांची नुसती धुराडी उभी दिसली, गाडीत कुणी बोललं नाही.

पण मला ग्रनियनचं सांगायचंय. ही बोटाएवढी चंदेरी मासळी, मार्च ते ऑगस्ट अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या तीन-चार रात्री, भरती ओसरायला लागली की वाळूत अंडी घालायला येते. आई रेवदंड्याची. मी मोबाइलवर वेळापत्रक शोधत होतो तर ती फ्रिजवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवून म्हणाली, परवा पौर्णिमा, उधाण आहे, त्यात काय शोधतोस. वेळापत्रकात तेच होतं. रात्री अकराला सॅन पेड्रोच्या कब्रिओ बीचवर गेलो. पाऊण तास काही नाही, पोरं झोपेला आलेली, मी म्हटलं चला. आई म्हणाली थांब, टॉर्च बंद कर. पातळ खोचून पाण्याच्या रेषेवर उभी. आधी एक-दोन आले, मग एक लाट मागे गेली आणि अख्खी वाळू हलायला लागली, चांदण्यात नुसती चंदेरी वळवळ. मादी शेपटीने वाळूत उभी रुतते, अर्धं अंग आत, नर तिच्याभोवती गुंडाळतो, आणि पुढच्या लाटेबरोबर सगळे परत. अंडी तिथेच वाळूत राहतात, पंधरा दिवसांनी पुढचं उधाण आलं की पिल्लं बाहेर. आमच्या शेजारचे लोक अगदी कुजबुजत होते. आईच्या पायावरून एक गेला, तिने वाकून ओंजळीत धरला, पोरांना दाखवला, भरलेली आहे रे ही, म्हणाली, आणि लाट यायची वाट बघून अलगद पाण्यात सोडला.