‘पाहिजे’ कुठून आले?

व्याकरणाचे नियम आधी ठरतात आणि बोलणारे ते पाळतात, असे मत अनेकदा मांडले जाते; मला ते पटत नाही. ‘मला पाणी पाहिजे’ हेच वाक्य घ्या. जुन्या मराठीत ‘कीजे’ म्हणजे ‘केले जाते’, ‘म्हणिजे’ म्हणजे ‘म्हटले जाते’. ‘पाहिजे’ हेही ‘पाहणे’ या क्रियापदाचे तसेच कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिले जाते’. पुढे ही रूपे घडवण्याची रीत मागे पडली, तरी सतत तोंडी असलेली दोन टिकली: ‘म्हणजे’ अव्यय झाले आणि ‘पाहिजे’ गरज सांगू लागले, इतके की त्यातले पाहणे आज कुणालाच जाणवत नाही. कित्येक घरांत ऐकू येणारे ‘पाहिजेल’ अशुद्ध म्हणून झटकू नये; ‘येईल’, ‘जाईल’ यांच्या ओळीत ‘पाहिजे’ला बसवण्याची ती बोलणाऱ्यांची धडपड असावी, असे मला वाटते.